बिननावाचं इंजिन

गेल्या दिवाळीत गावी गेलो होतो तेव्हा काकांची डिझायर सकाळी सुरू करताना दोन-तीन सेकंद डबा खुळखुळावा तसा आवाज करायची. नंतर आवाज थांबायचा. गाडी २०१३ची, डिझेल, चार लाख किलोमीटरच्या पुढे गेलेली. देवणी-उदगीर-लातूर, लग्नाच्या मोसमात बिदर-भालकी, दवाखान्याचे पेशंट असले तर थेट सोलापूर. काकांचं घर तिच्यावरच चालतं. मिस्त्रींनी बॉनेट उघडून कान लावला, पुन्हा एकदा सेल मारायला सांगितला आणि म्हणाले, "टायमिंग चेन ढिली झाली. इंजिनचा दोष नाही, तुम्ही ऑइल येळेवर बदलत नाहीत. हे फियाटचं इंजिन हाय, मारुतीचं न्हाई. ऑइल बदलत राहिलं तर मरत न्हाई हे."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. अकरा वर्षं ते मारुतीची गाडी चालवतायत अशी त्यांची समजूत होती. "ह्यो इंजिनिअर हाय, ह्याला इचारा," असं म्हणून त्यांनी प्रश्न माझ्यावर ढकलला. मी सॉफ्टवेअरवाला, तेल-वंगणाशी माझा संबंध नाही, पण मिस्त्री म्हणाले ते खरं होतं. त्या बॉनेटखालचं १२४८ सीसीचं इंजिन फियाटने इटलीत घडवलेलं. मग रात्री वाचत बसलो आणि वाचता वाचता कुर्ला, सोलापूर, तुरिन असा फिरत राहिलो. फियाटची भारतातली गोष्ट बरेच जण काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या आठवणीत रमून सांगतात. मला ती निराळीच दिसली. उसनं घेतलेलं तंत्र कधी आपलं होतं आणि कधी होत नाही, याची ती गोष्ट आहे. आणि देणाऱ्याचंही त्यात काय होतं, याची.

सुरुवात सोलापुरातून करायला हवी. वालचंद हिराचंद दोशी, जन्म १८८२. मी चार वर्षं सांगलीच्या वालचंद कॉलेजात शिकलो. तिथे लातूर-नांदेडची पोरं ढिगाने असतात, आणि आमच्यातल्या कुणालाही हा वालचंद कोण हे माहीत नव्हतं. कॉलेजला हे नाव १९५५ साली लागलं, त्याआधी ते न्यू इंजिनिअरिंग कॉलेज होतं. ग्रंथालयात गं. दे. खानोलकरांनी लिहिलेलं त्यांचं चरित्र असणारच. आम्ही तिकडे फिरकलो नाही. सावकारी-व्यापारातल्या जैन घराण्यातल्या या माणसाने लक्ष्मण बळवंत फाटक नावाच्या माजी रेल्वे कारकुनाबरोबर भागीदारीत ठेकेदारी सुरू केली. त्यांच्या पहिल्या कामांत बार्शी लाइट रेल्वेच्या येडशी-तडवळे भागाचं काम होतं. हीच छोटी रेल्वे पुढे १९११ साली लातूरला पोचली. म्हणजे मोटारींच्या कितीतरी आधी हे गृहस्थ आमच्या भागात खडी टाकून गेले होते.

पुढे बोरघाटातले बोगदे, मग १९१९ साली सिंदिया ही जहाज कंपनी, १९४० साली बंगलोरला विमानाचा कारखाना, १९४१ साली विशाखापट्टणमला जहाजबांधणी. आणि या सगळ्यात मोटार. मोटारीची कल्पना एकट्या वालचंदांची नव्हे. विश्वेश्वरय्यांनी १९३५ च्या सुमारास युरोप-अमेरिकेतले कारखाने पाहून मुंबईत मोटार कारखाना काढण्याची योजना तयार केली होती. बाळासाहेब खेरांचं मुंबई प्रांताचं सरकार अनुकूल होतं, दिल्लीचं ब्रिटिश सरकार नव्हतं. वालचंद अमेरिकेत फोर्डशी बोलले, जनरल मोटर्सशी बोलले, शेवटी १९४० साली क्रायस्लरशी करार झाला. मग महायुद्ध. प्रीमियर ऑटोमोबाइल्स लिमिटेड ही कंपनी १९४४ साली नोंदली गेली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिली गाडी १९४७ साली, स्वातंत्र्याच्या काही महिने आधी बाहेर पडली. डॉज, डिसोटो, प्लिमथ, फार्गो ट्रक. सगळं अमेरिकन, मोठं, पेट्रोल पिणारं. सुटे भाग पेट्यांतून येत आणि इथे जोडले जात.

गरीब देशाला एवढ्या मोठ्या मोटारी परवडणार नव्हत्या. लहान गाडी हवी होती, आणि जगात लहान गाडी करण्यात त्या वेळी फियाटचा हात धरणारे फार थोडे होते.

फियाट हे एका वाक्याच्या आद्याक्षरांचं नाव आहे. अर्थ एवढाच की तुरिनचा इटालियन मोटार कारखाना. ११ जुलै १८९९ रोजी तुरिनमधल्या काही सरदार-जमीनदार मंडळींनी पैसे घालून तो काढला. त्यातच घोडदळातून निवृत्त झालेला जोव्हानी आन्येली हा अधिकारी होता. थोड्याच वर्षांत कंपनी त्याच्या मुठीत आली आणि पुढचं शतकभर त्याच्या घराण्याच्या मुठीत राहिली. १९०० साली दीडशे कामगारांनी वर्षभरात चोवीस गाड्या केल्या. पहिल्या महायुद्धात लष्कराचे ट्रक आणि विमानांची इंजिनं करून कंपनी फुगली. आन्येलीने अमेरिकेत जाऊन फोर्डचं काम पाहिलं आणि तुरिनमध्ये लिंगोत्तो हा पाच मजली कारखाना बांधला. १९२३ साली तो सुरू झाला. कच्चा माल तळमजल्यावर शिरायचा, गाडी मजल्यामागून मजला जोडली जात वर चढायची आणि गच्चीवर, हो, गच्चीवरच्या धावपट्टीवर तिची चाचणी व्हायची. मुसोलिनीच्या काळात परदेशी गाड्यांवर जबर कर बसले, त्यामुळे घरची बाजारपेठ फियाटला आंदण मिळाली. १९३६ साली दांते जाकोसा या तरुण अभियंत्याने ५६९ सीसीची इवलीशी फियाट ५०० तयार केली. इटालियन लोक तिला तोपोलिनो, म्हणजे उंदरू, म्हणायचे.

दुसऱ्या महायुद्धानंतर फियाटने जो धंदा केला तो मला सगळ्यात रंजक वाटतो. गाड्या विकणं हा झाला एक भाग. दुसरा भाग म्हणजे गाडी करण्याचं ज्ञान विकणं. स्पेनमध्ये १९५० साली सिआट ही कंपनी फियाटच्या परवान्यावर उभी राहिली. युगोस्लाव्हियात झास्तावा, पोलंडमध्ये पोल्स्की फियाट, पुढे तुर्कस्तान. १९६६ साली सोव्हिएत सरकारशी करार होऊन व्होल्गेच्या काठी तोल्याती शहरात अवाढव्य कारखाना बांधायचं ठरलं. त्या शहराचं नावही एका इटालियन कम्युनिस्ट नेत्यावरून ठेवलेलं. तिथे फियाट १२४ची लाडा झाली. अमेरिकन कंपन्यांना या देशांत शिरकाव नव्हता किंवा इच्छा नव्हती. फियाटला भांडवलशाही-साम्यवादाचं सोवळंओवळं नव्हतं. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात इटलीत ती वर्षाला दहा लाखांहून अधिक गाड्या करत होती आणि तिच्या जुन्या नकाशांवर निम्म्या जगात कारखाने चालत होते.

कुर्ला हा या माळेतला एक मणी. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला प्रीमियरने फियाट ५०० जोडायला घेतली, आणि १९५४ साली फियाट ११००. ही गाडी जिनिव्हाच्या प्रदर्शनात १९५३ साली जगापुढे आली होती, म्हणजे वर्षभरात ती मुंबईत. त्या क्षणी आपण जगाच्या फार तर एक वर्ष मागे होतो, हे लक्षात ठेवायला हवं. वालचंद तेव्हा हयात नव्हते. एप्रिल १९५३ मध्ये ते गेले.

त्याच सुमारास टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून सरकारने नियम केला: नुसत्या पेट्या उघडून जोडणी करणाऱ्यांनी गाशा गुंडाळावा, इथे भाग तयार करण्याचा कार्यक्रम असेल त्यांनीच राहावं. जनरल मोटर्स १९२८ पासून मुंबईत शिवडीला गाड्या जोडत होती. ती आणि फोर्ड निघून गेल्या. प्रीमियर राहिली, कलकत्त्याकडची हिंदुस्थान मोटर्स राहिली, मद्रासची स्टँडर्ड राहिली. या नियमाला लोक आज सरसकट नावं ठेवतात. मला तसं वाटत नाही. पुढच्या वीस वर्षांत ११००चा जवळजवळ प्रत्येक भाग भारतात बनायला लागला. पिस्टन, गास्केट, गिअर, स्प्रिंगा बनवणारे छोटे-मोठे कारखाने त्यातूनच उभे राहिले. पुणे-पिंपरीच्या पट्ट्यात आज आमची पोरं जिथे डिप्लोमा-आयटीआय करून लागतात, त्या कारखानदारीचा पाया असाच घातला गेला.

गाडबड झाली ती दुसऱ्या टोकाला. भाग इथे बनवा हे सांगणारं सरकार किती गाड्या बनवा हेही सांगत होतं. मोटार ही चैन, तिला पोलाद आणि परकीय चलन देणार किती? सत्तरच्या दशकात सगळ्या देशात वर्षाला चाळीसेक हजार मोटारी निघत. फियाट इटलीत तेवढ्या दोन आठवड्यांत काढत होती. गाडी नोंदवायची आणि वर्षानुवर्षं थांबायचं. १९६४ साली लालबहादूर शास्त्रींनी पंतप्रधान असताना बँकेचं पाच हजारांचं कर्ज काढून फियाट घेतली, ती बारा हजारांना. ही गोष्ट त्यांच्या साधेपणाची म्हणून सांगतात, पण पंतप्रधानालाही हप्त्यावर घ्यावी लागावी एवढी ही 'लहान' गाडी महाग होती, हेही त्यात आलंच. किंमतही कंपनीने ठरवायची नाही. १९६९ साली केंद्राने आदेश काढून मोटारींच्या किमती बांधल्या. प्रीमियर सर्वोच्च न्यायालयात गेली, आणि फियाटची रास्त किंमत काय असावी, खर्च किती धरावा, नफा किती टक्के, याचा काथ्याकूट १९७१ साली न्यायमूर्तींनी केला. कारखान्यात हिशेबनीस आणि वकील यांचं महत्त्व आराखडे काढणाऱ्यांपेक्षा वाढावं अशीच ही व्यवस्था.

आणि तक्रार करण्यासारखं कुणालाच काही नव्हतं, खरी मेख ती. गाडी निघायच्या आत विकली जात होती. कितीही जुनी असो, खपत होती. मग नवी कशासाठी काढायची?

१९७२ च्या आसपास फियाटबरोबरचा करार सरला. गाडीवरून फियाट हे नाव गेलं. आधी ती प्रीमियर प्रेसिडेंट झाली, १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी, चितोडच्या राणीवरून. आता याच्या शेजारी दोन गोष्टी ठेवून बघा. टाटांच्या टेल्कोचा मर्सिडीजबरोबरचा ट्रकचा करार १९५४ ते १९६९, पंधरा वर्षांचा, तो संपला. बजाजचा पियाजिओबरोबरचा व्हेस्पाचा करार १९७१ साली संपला. बजाजने पुढच्या वर्षी स्कूटर काढली, तिचं नाव चेतक. पद्मिनी आणि चेतक! दोन इटालियन यंत्रं, दोन्ही महाराष्ट्रात बनणारी, दोघांचे करार वर्षा-दोन वर्षांच्या अंतराने संपलेले, आणि दोघांचं बारसं मेवाडच्या इतिहासातून. परक्याचं नाव पुसून त्या जागी राजपुतांचं नाव घालायचं, म्हणजे यंत्र देशी झालं. बारसं सोपं असतं.

या तीन कंपन्यांचे रस्ते मात्र इथून फुटतात. टेल्कोने करार संपायच्या आधीच, १९६६ साली, पुण्यात संशोधन केंद्र काढलं होतं. मर्सिडीजचा तारा उतरवला तेव्हा ट्रक पुढे सुधारण्याइतकी माणसं त्यांच्याकडे तयार होती. त्याच पुण्यातून १९९८ साली इंडिका निघाली. तिचा आकार तुरिनच्याच आयडिया इन्स्टिट्यूटने काढला होता, पण काय हवं हे सांगणारे पुण्यात बसले होते. बजाजकडेही लोक स्कूटरसाठी दहा-दहा वर्षं थांबत होते. तीही तेवढीच सुस्तावू शकली असती, आणि बरीच वर्षं सुस्तावलीही. पण उत्पादन वाढवण्याची भूक होती, औरंगाबादजवळ वाळूजचा कारखाना त्यातून झाला, आणि जपानी मोटरसायकली आल्यावर २००१ साली स्वतःची पल्सर काढण्याइतका दम शिल्लक होता. प्रीमियरकडे १९७४ साली जो नकाशा होता तोच दिवे, जाळी, डॅशबोर्ड बदलत २००० पर्यंत चालला. १०८९ सीसीचं तेच इंजिन. अर्धं शतक.

यात प्रीमियरचाच दोष होता का? पूर्ण नाही. ट्रक आणि स्कूटर यांना सरकार जेवढं गरजेचं मानत होतं, तेवढं मोटारीला मानत नव्हतं. वाढायलाच परवानगी नसेल तर संशोधनाचा खर्च कशावर काढणार, हा युक्तिवाद खरा आहे. पण परवाने सैल झाल्यावर, १९८३च्या डिसेंबरात मारुती ८०० आल्यावर, प्रीमियरने काय केलं ते पाहिलं की मला तो युक्तिवाद अपुरा वाटतो. १९८५ साली त्यांनी ११८ एनई काढली: अंगकाठी फियाट १२४ची, म्हणजे रशियात लाडा झालेली तीच, साठच्या दशकातली, आणि आत निस्सानचं इंजिन. पुन्हा उसनं, पुन्हा जुनं. नव्वदच्या दशकात कल्याणला फ्रेंच प्युजोबरोबर ३०९. ती भागीदारी मोडली. मग पुन्हा फियाटच्या दारात. १९९६ साली कुर्ल्यातून फियाट ऊनो आली, तिला सुमारे २ लाख ९० हजार लोकांनी पैसे भरून नोंदणी केली. एवढा विश्वास लोकांचा त्या नावावर, पंचवीस वर्षं नाव गाडीवर नसताना! आणि कारखान्यात संप, गाड्या वेळेवर निघेनात, दुरुस्तीची सोय तोकडी. नोंदणीवाले पैसे परत मागू लागले. वर्षभरात फियाटने बहुमताचा हिस्सा घेतला. पद्मिनी शतकासोबतच संपली.

संपाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण मोटार कंपन्यांच्या इतिहासात कामगार फार वेळा 'अडचण' म्हणून येतो. कुर्ल्यात कोकणातून, घाटावरून आलेल्या माणसांनी ही गाडी पन्नास वर्षं हातांनी बनवली. दत्ता सामंतांचं नाव गिरणी संपाने घराघरात जायच्या आधी ज्या कारखान्यांत मोठं झालं, त्यांत प्रीमियर होता. तिकडे तुरिनच्या मिराफिओरीत इटलीच्या दक्षिणेतून, पुलिया-कालाब्रिया-सिसिलीतून, रेल्वेने आलेली शेतकऱ्यांची पोरं भरली होती. शहरात त्यांना खोल्या भाड्याने देत नसत. १९८० साली फियाटने हजारो कामगार घरी बसवायचं ठरवल्यावर पस्तीस दिवस संप चालला आणि तो मोडला कुणी, तर १४ ऑक्टोबरला कारखाना उघडा म्हणत रस्त्यावर उतरलेल्या चाळीस हजार मुकादम-कारकून-मध्यमवर्गीयांच्या मोर्चाने. दोन्हीकडे शेवट सारखाच. लिंगोत्तोच्या इमारतीत आज दुकानं आणि हॉटेल आहे, गच्चीवरची धावपट्टी पाहायला पर्यटक जातात. कुर्ल्याच्या जमिनीवर इमारती उभ्या राहिल्या. कारखान्याचे एक मालक, विनोद दोशी, नाटकवेडे. त्यांच्या नावाने पुण्यात प्रायोगिक नाटकांचा महोत्सव भरतो. 'प्रीमियर'शी नातं सांगणारी आज एवढीच जिवंत गोष्ट मला ठाऊक आहे.

आता काकांच्या बॉनेटखालच्या इंजिनाकडे येतो.

जुन्या डिझेल इंजिनात पंप प्रत्येक सिलिंडरला त्याच्या त्याच्या वेळी डिझेल ढकलायचा. दाब इंजिनाच्या वेगावर अवलंबून. हळू चालताना दाब कमी, म्हणून धूर आणि ट्रॅक्टरसारखी खडखड. फियाटच्या संशोधन केंद्राने आणि तिच्या जोडीदार कंपन्यांनी ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून यावर काम केलं. कल्पना अशी: एका जाड नळीत प्रचंड दाबाने डिझेल सतत भरून ठेवायचं आणि प्रत्येक सिलिंडरच्या तोंडाशी विजेवर उघडझाप करणारी तोटी बसवायची. कधी, किती वेळ, किती थेंब हे कॉम्प्युटर ठरवणार. गावाच्या नळयोजनेत टाकी आधी भरून ठेवावी आणि मग ज्याच्या त्याच्या दारात तोटी असावी, तसं. हे कॉमन रेल. आज जगातली जवळपास प्रत्येक नवी डिझेल मोटार, जीप याच पद्धतीवर चालते.

आणि हे तंत्र फियाटने विकून टाकलं. कंपनी अडचणीत होती, कारखान्यात उतरवायला पैसा लागणार होता. १९९४ च्या सुमारास जर्मन बॉशने ते घेतलं आणि पक्कं केलं. पहिली गाडी फियाटच्याच घरातली, १९९७ची अल्फा रोमियो १५६, पण नंतर साऱ्या जगाला पंप आणि इंजेक्टर विकून पैसा केला बॉशने. अर्धं जग ज्यांच्या नकाशांवर गाड्या करत होतं त्या कंपनीने आपला सगळ्यात मोठा शोध हातातून सोडला, आणि हे वाचताना मला प्रीमियरचं अपयश जरा कमी खुपायला लागलं.

त्यावरची पुढची पायरी म्हणजे २००३ साली आलेलं १.३ मल्टिजेट. एका स्फोटासाठी डिझेल एकदम न ओतता पाच तुकड्यांपर्यंत वाटून द्यायचं, म्हणजे आवाज मऊ, धूर कमी. ७५ अश्वशक्ती, एवढ्याशा इंजिनात. फियाट आणि जनरल मोटर्स तेव्हा भागीदार होत्या. २००५ साली ती भागीदारी सोडवण्यासाठी जनरल मोटर्सने उलट फियाटलाच दोन अब्ज डॉलर मोजले. त्या पैशाने फियाट तगली, ही त्यातली गंमत.

भारतात सुझुकीने या इंजिनाचा परवाना घेऊन हरियाणात मानेसरला कारखाना टाकला. २००७ साली स्विफ्ट डिझेल आली, मग डिझायर. मारुती त्याला डीडीआयएस म्हणायची. टाटांनी इंडिका व्हिस्टात तेच घातलं, नाव क्वाड्राजेट. शेवरोलेच्या सेलमध्येही तेच. मोटारींवर लिहिणाऱ्यांनी त्याला 'राष्ट्रीय इंजिन' म्हणायला सुरुवात केली. पुणे जिल्ह्यात रांजणगावला, महागणपतीच्या देवळाजवळच्या औद्योगिक वसाहतीत, टाटा आणि फियाटने २००७ साली निम्म्या-निम्म्या भागीदारीत कारखाना चालवायला घेतला. माझ्या वर्गातले दोघे आयटीआय करून तिकडच्याच पट्ट्यात लागले. मारुतीला इंजिनं पुरेनात तेव्हा जानेवारी २०१२ मध्ये करार झाला: रांजणगावने मारुतीला वर्षाला एक लाख इंजिनं द्यायची, तीन वर्षं. त्याच आवारात त्याच इंजिनाच्या फियाटच्या स्वतःच्या गाड्या, पुंतो आणि लिनिया, बनत होत्या आणि खपत नव्हत्या. टाटांच्या दुकानात कोपऱ्यात उभ्या असायच्या. हृदय तेच, गिऱ्हाईक मारुतीच्या दारात रांगेत. का? मारुतीची दुरुस्ती उदगीरला होते, पार्ट दुसऱ्या दिवशी मिळतो. काकांनी २०१३ साली एवढंच पाहिलं होतं, आणि बरोबर पाहिलं होतं. लोकांनी ऊनोच्या वेळचं विसरलंही नव्हतं.

एक छोटी गोष्ट राहिली. प्रीमियरने नंतर चिंचवडला रिओ नावाची चिनी बनावटीची छोटी जीप जोडायला घेतली होती. २०१२ साली तिच्यात नवं इंजिन घातलं. कुठलं, तर हेच, फियाटचं १.३ मल्टिजेट. साठ वर्षांनी पुन्हा तेच दार. रिओ कुणी फारशी घेतली नाही. कंपनी पुढे दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. २०१८-१९ मध्ये फियाट हे नावही भारतातून गेलं. रांजणगावात जीप बनतात, मूळ कंपनीचं आधी एफसीए आणि २०२१ पासून स्टेलांटिस झालं आहे. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदली गेली होती, तिची वीस वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली तेव्हा सगळ्या वर्तमानपत्रांनी हळवे लेख छापले. राष्ट्रीय इंजिन मात्र त्याआधी, १ एप्रिल २०२० ला, प्रदूषणाचे नवे नियम आल्यावर मारुतीने बंद केलं. त्याच्यावर कुणी हळवं झालेलं आठवत नाही. नाव नसलेल्यासाठी कोण हळवं होणार?

आमच्या गावाचं नाव एका जनावराला आहे. देवणी वळू, काळा-पांढरा, कर्नाटकापर्यंत ओळखला जातो. गावात आता शुद्ध देवणी दावणीला शोधावी लागते, पण नाव टिकलं आहे. फियाटचं उलट झालं. माझं स्वतःचं काम तिसऱ्याच प्रकारात मोडतं. मी जे सॉफ्टवेअर लिहितो ते एका परदेशी कंपनीच्या नावाने चालतं, वापरणाऱ्याला पुण्यातल्या आमच्या टीमचा पत्ता नसतो. आधी मला याचं वाईट वाटायचं. आता मी दुसरंच मोजत असतो: उद्या हा करार संपला तर आमच्याकडे काय उरेल, टेल्कोसारखी माणसं की प्रीमियरसारखा नकाशा? टीममध्ये हा प्रश्न मी एकदा काढला होता. सगळे हसले, मग जेवायला गेलो.

मिस्त्रींनी दोन दिवसांत चेन, टेन्शनर बदलून दिलं. जुनी चेन हातात घेऊन त्यांनी ती किती लांबली आहे हे नवीच्या शेजारी धरून काकांना दाखवलं. काकांनी ऑइल यापुढे वेळेवर बदलायचं कबूल केलं, ते पाळतील असं मला वाटत नाही. बिलावर मिस्त्रींनी पेनाने लिहिलं होतं, 'फियाट चेन किट'. खोक्यावर मारुतीचं नाव होतं.

पुढची गाडी सीएनजीची घ्यायची म्हणतायत. डिझायरच, पण आता तिचं इंजिन सुझुकीचं स्वतःचं आहे.